सातव्या गाठीचं पाणी

पावणेसात वाजलेत आणि मॅडमना घाई आहे ती लाईटीची. ह्या आठवड्यात शेतीपंपांना दिवसाची पाळी आहे. साडेआठला लाईट येते, असं काल संध्याकाळी गावात कळलंय. लाईट आली की शिवारातल्या बहुतेक मोटारी आपोआप सुरू होतील. स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, मालक घरी चहा पीत बसला असला तरी विहीर उपसायला लागते. एकदा उपसा सुरू झाला की टेपला लागेल ती पातळी मोटारीची. रात्रभर झरे वाहून भरलेलं, स्थिर झालेलं पाणी मोजायचं तर हातात पावणेदोन तास आहेत.

"टेपवाले आधी ओढ्यापलीकडं जा, अलीकडच्या विहिरी आम्ही घेतो," मॅडम सांगतात. "कठड्यावरून वाकताना मागून दुसऱ्यानं धरायचं. आणि विहिरीवर कुणी असेल तर आधी रामराम, मग टेप."

कऱ्हेच्या खोऱ्यातलं हे गाव, तालुका पुरंदर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा टापू. एप्रिल अर्धा सरलाय, ओढा केव्हाच कोरडा पडलाय, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना अंजिराच्या बागा मात्र हिरव्यागार आहेत. पुण्याच्या एका महाविद्यालयातली एम.एस्सी.ची मुलं मॅडमबरोबर आलीत, निम्मी भूगोलाची, निम्मी पर्यावरणशास्त्राची. भूगोलवाल्यांच्या खांद्यावर तिपाई आणि लाल-पांढरा स्टाफ आहे, पर्यावरणवाल्यांच्या पाठीवर नमुन्याच्या बाटल्या. ह्या सगळ्यांच्या पुढं चालणारी मुलगी पीएच.डी. करतेय. ती माण तालुक्यातली आहे आणि तिच्या प्रबंधाचा विषय आहे बेसाल्टमधले उथळ जलधर, म्हणजे आपल्या पायाखालचं विहिरींच्या खोलीइतकं पाणी. तिला ह्या गावाच्या भूजलपातळीचा नकाशा काढायचाय. मला काम दिलंय वेळ लिहिण्याचं: प्रत्येक विहिरीवर टेप पाण्याला टेकली की घड्याळ बघायचं आणि वहीत टिपायचं.

देवळापाशी दुसरा गट पहाटेपासूनच कामाला लागलाय. मारुतीच्या देवळाच्या खालच्या पायरीची उंची त्यांनी शंभर मीटर मानली आहे आणि तिथून लेव्हल लावत, विहिरीविहिरीला स्पर्श करत, सव्वादोन किलोमीटरचा फेरा घालून ते पुन्हा त्याच पायरीवर येणार आहेत. नंदुरबारचा एक उंच मुलगा स्टाफ धरून उभा आहे, अगदी ताठ, कारण स्टाफ जरा कलला की आकडा वाढतो. दुर्बिणीपाशी बसलेली मुलगी मोठ्यानं वाचते, तिसरा लिहितो. हे सकाळीच उरकायला हवं. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून स्टाफवरच्या रेघा पाण्यात बघितल्यासारख्या हलतात.

फोनमध्ये उंची दिसते की, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारतो. मॅडम काहीच बोलत नाहीत. दोन मुलांना आपापले फोन पायरीवर शेजारी शेजारी ठेवायला सांगतात. एकाच पायरीवर दोन फोन, आणि दोघांनी दाखवलेल्या उंचीत बारा मीटरचा फरक. ह्या शिवारात विहिरींच्या पाण्याची पातळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम चार-पाच मीटरनं बदलते. फोनवर विसंबून नकाशा काढला तर जमिनीखालचं पाणी डोंगर चढताना दिसेल. टोपोशीट आहे, ४७ जे/३, तिच्यावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा आहेत. डोंगर ओळखायला उत्तम, विहिरीतलं पाणी कुणीकडं सरकतंय हे कळायला अपुऱ्या. म्हणून लेव्हल. शंभर वर्षांपूर्वीचा सर्वेक्षक आला तर त्याला ह्या यंत्रात नवीन वाटावं असं थोडंच असेल, आणि आज सकाळी ह्या गावात तिच्याइतकं नेमकं दुसरं साधन नाही.

आमची पहिली विहीर बागेच्या कडेला आहे. बागेत तोड चालू आहे. बायकांनी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्यात, अंजिराचा चीक लागला की कातडी जळते. पिकलेलं फळ थांबत नाही. ऊन चढायच्या आत तोडून, पाटीत पानं घालून, गाडीवर चढवावं लागतं. पुरंदरच्या ह्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवताना ज्या मातीचा आणि हवेचा दाखला दिला जातो त्यांच्यासोबत ह्या विहिरीचंही नाव घ्यायला हवं, कारण एप्रिलमधल्या गोडीची सगळी भिस्त तिच्यावर आहे.

विहीर गोल, आठ मीटर रुंदीची. वरच्या बाजूला दगडी बांधकाम, खाली नुसता खडक. कडेच्या बाभळीवरून सुगरणीचे रिकामे खोपे पाण्यावर लोंबताहेत. मालक मोटारीच्या पेटीपाशी उकिडवे बसलेत. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला पांढरी टोपी. सगळे त्यांना नाना म्हणतात.

"रामराम नाना."

"रामराम. कुठनं आलाय?"

"पुण्यावरनं. कॉलेजची पोरं आहेत. विहिरीतलं पाणी मोजायचंय."

"मोजा की. मोजल्यानं वाढणार असलं तर रोज मोजा."

माणची मुलगी कठड्यावर टेप सोडते. टोकाला लोखंडी वजन बांधलंय. ते आत जाताना टेप तिच्या बोटांतून घसरते, आणि खालून बारीक आवाज येतो. ती वजन वीतभर वर घेते, पुन्हा सोडते. आवाज, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी पाण्याला टेकल्याक्षणी टेप चिमटीत धरते आणि कठड्याच्या काठाशी आकडा वाचते. "अकरा पासष्ट." मी लिहितो: सात वाजून आठ मिनिटं.

"किती म्हणली?" नाना विचारतात.

"अकरा मीटर पासष्ट. म्हणजे अडतीस फूट, नाना."

नाना मान हलवतात. "अडतीस नाही. पस्तिसाच्या जरा खाली."

मुलं एकमेकांकडं बघतात. टेप पोलादी आहे, नवी आहे, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा आहेत. नाना उठतात, कठड्यापाशी येतात आणि मोटारीला बांधलेला दोर दाखवतात. दोराला गाठी मारल्यात, दर पाच फुटांना एक. "सातवी गाठ. आज पहाटं पाणी तिच्या चार-सहा बोटं खाली होतं. सात पाचं पस्तीस. ह्यो कठडा मी दोन वर्षांमागं चढवलाय, नातवंडं खेळत्यात म्हणून. गाठी त्याच्या आधीच्या हायेत, जमिनीपासनं मोजलेल्या."

ती लगेच कठड्याची उंची मोजते. पंच्याऐंशी सेंटिमीटर. अकरा पासष्टमधून वजा करते: दहा मीटर ऐंशी. फुटांत पस्तीस आणि वर पाच इंच. नानांची चार-सहा बोटं.

हे वजा करणं तिच्या तक्त्यात होतंच, पुढच्याच रकान्यात, पण मला त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे वाटतात. एक आकडा यंत्रातून आला, एक दोराच्या गाठीतून, आणि दोन्ही बोटभर अंतरावर येऊन उभे राहिले. मॅडम मुलांना सांगतात, "नानांचा आकडा पण लिहा. वेगळ्या रकान्यात, पण लिहा."

मग त्या नानांपाशी बसतात. पूर्वी पाणी किती असायचं, असं त्या विचारत नाहीत. त्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: लई होतं. त्या विहिरीच्या भिंतीकडं बोट करतात. आत, कठड्यापासून सात-आठ मीटर खाली, एक कपार आहे. तिच्या वरचा खडक भुरकट आणि भोकाभोकांचा आहे, खालचा काळाभोर. कपारीतून ओल झिरपलीय आणि त्या ओलीवर नेच्यांची हिरवी पट्टी उगवलीय.

"नाना, ही कपार उन्हाळ्यात उघडी कधी पडते?"

नाना आठवतात. "ह्या साली शिमग्यालाच पडली."

"आणि थोरल्या मुलीच्या लग्नाच्या साली?"

"लगीन आखितीला झालं. मांडवासाठी पाणी काढलं तवा कपार दिसत नव्हती. पाण्यातच होती."

शिमगा ते आखिती, म्हणजे होळी ते अक्षय तृतीया, दीड महिन्याचं अंतर. मुलगी लग्नाचं साल विचारून घेते आणि लिहिते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, आणि त्या नोंदींचं मोल मोठं आहे. पण ही विहीर त्यांत नाही. हिचा इतिहास नानांपाशी आहे, आणि तो सणांच्या, लग्नांच्या, बैल विकल्याच्या खुणांनी लावलेला आहे. योग्य प्रश्न विचारला की त्यातून पातळी निघते. असा प्रश्न तयार करणं ही संशोधनाची पद्धत आहे, आणि ती मुलांना विहिरीच्या काठावर बसून शिकता येते.

"बहात्तरला काय होतं, नाना?" पर्यावरणशास्त्राचा एक मुलगा विचारतो.

"बहात्तरला दाणं नव्हतं. मी वीस-बावीस वर्साचा. पाझर तलावावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. पण पाणी होतं. ह्याच हिरीला मोट चालायची. आता उलटं झालंय. दाणं दुकानात मिळत्यात, पाणी न्हाई."

मुलगा हे शब्दशः लिहून घेतो. १९७२च्या जुलैत अमेरिकेनं लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. वरून पृथ्वीची चित्रं नियमित यायला लागली तेव्हा नाना खाली खडी फोडत होते. आज उपग्रहचित्रांवाचून भूगोलातलं संशोधन होत नाही, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. ह्या मुलीनंही बागांचं क्षेत्र कसं वाढत गेलं ते चित्रांवरूनच काढलंय. पण सेंटिनेल-२च्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन दहा मीटरचा असतो. नानांची आख्खी विहीर त्या एका चौकोनात मावते, आणि आत पाणी कुठं आहे हे त्याला दिसत नाही. २००२ साली सोडलेले ग्रेसचे जोडउपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून भूजलाची घट सांगत होते, पण ती शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची मिळून. ह्या गावाचं उत्तर ह्या गावातच मिळणार.

आणि इथं यायला मुलांनी जीपचं भाडं खिशातून वर्गणी काढून दिलंय. अभ्यासक्रमात क्षेत्रभेट आहे, तिला गुण आहेत. पण कितीतरी ठिकाणी ती सहलीत संपते: एक दिवस, एक बस, धबधब्यापाशी फोटो, आणि मग गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेला अहवाल. नेट-सेटच्या तयारीत मुलं जलधराची व्याख्या घडाघडा म्हणतात. विद्यापीठातून भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातून निदान एका विहिरीत टेप सोडली गेली पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं, आणि त्यासाठी लागणारा पैसा विभागानं दिला पाहिजे.

मॅडम मुलांना विहिरीची भिंत वाचायला लावतात. वरून खाली: हातभर काळी माती, मग मुरूम, मग तो भुरकट, भोकांचा थर. "ह्याला काय म्हणाल?" एक मुलगी पुस्तकातलं नाव सांगते, कुहरी बेसाल्ट. नाना म्हणतात, "मांजऱ्या." दोन्ही बरोबर. लाव्हारस वाहत आला तेव्हा त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं त्यांतल्या कितीतरी पोकळ्यांमध्ये झिओलाइटची पांढरी खनिजं भरली. हातोडीनं फोडलेल्या तुकड्यात ती साखरेच्या खड्यांसारखी चमकताहेत. हा थर झिजलेला, चिरा पडलेला, म्हणून पाणी धरतो. खालचा काळा पाषाण घट्ट, त्यात फक्त उभ्या चिरा. पाणी वरून झिरपत येतं, पाषाणाशी अडतं आणि आडवं सरकतं. म्हणून झरे कपारीपाशी. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी असे थर एकावर एक पसरत गेले आणि राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भूभाग त्यांनी झाकला. सातारा असो, बुलढाणा असो, विहिरीत डोकावलं की हीच गोष्ट थोड्या फरकानं लिहिलेली सापडते.

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना पेटीत खट्‌ आवाज होतो. मोटार गुरगुरते, पाइप थरथरतो आणि बागेच्या टोकाला पाणी पडायला लागतं. सगळीकडूनच तो आवाज उठतो, ओढ्याच्या अल्याड-पल्याड. टेपवाले पळत परत येतात. दोन विहिरी राहिल्या. "लिहा राहिल्या म्हणून," मॅडम म्हणतात, "अंदाजानं भरायच्या नाहीत."

नानांच्या विहिरीत आत्ता पाण्याचा थर तीन मीटरला थोडा कमी आहे. आठ मीटर व्यासाच्या विहिरीचं तोंड पन्नास चौरस मीटरचं. म्हणजे साधारण एक लाख पंचेचाळीस हजार लिटर पाणी. मोटार तासाला चाळीसेक हजार लिटर उचलते असं धरलं तर साडेतीन तास. मुलं हा हिशेब वहीवर करून नानांना सांगतात.

"साडेतीनला हवा मारती," नाना म्हणतात. "रोजचंच हाय."

ओढ्यापलीकडं, उपसा योजनेचं पाणी जिथं सुटतं तिथं, चित्र वेगळं आहे. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचं पाणी पुण्याच्या खालच्या अंगाला उचलते आणि टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवून इकडं आणते. म्हणजे खडकवासल्याच्या साखळीतून शहरानं घेतलेलं, वापरलेलं, नदीत सोडलेलं पाणी इथल्या शेततळ्यांत आणि मग जमिनीत येतं. विहिरीवर धुणं धुणाऱ्या मावशी विचारायच्या आधीच सांगतात, "योजनेचं पाणी सुटलं की आठ दिवस हिला वास येतो. प्यायला नाही घेत आम्ही. पण नसतं आलं तर बाग जळाली असती."

हा दुसरा भाग त्या लगेच बोलतात, पहिल्याला जोडूनच. मुलं ते दोन्ही लिहितात.

पर्यावरणशास्त्राची मुलगी बादलीतल्या पाण्यात मीटर बुडवते. विद्युतवाहकता १,४८० मायक्रोसिमेन्स. नानांच्या विहिरीला ६४० होती. वसतिगृहात राहणारा एक मुलगा हळूच म्हणतो, "म्हणजे हे आपल्याच बेसिनातलं पाणी." कुणी हसत नाही.

"घाई नको," मॅडम म्हणतात. "वाहकता फक्त एवढंच सांगते की क्षार जास्त आहेत. कुठले ते सांगत नाही. नदीचं पाणी हे एक कारण झालं. ह्या मळ्यात खत किती पडतं? गोठा कुठंय? विहीर उथळ आहे का? नायट्रेट प्रयोगशाळेत बघू. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम. तोवर वहीत कारण लिहायचं नाही, आकडा लिहायचा." मुलगी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळते, काठोकाठ भरते, हवेचा बुडबुडा राहणार नाही असं झाकण लावते आणि चिठ्ठी चिकटवते. मावशींना सांगते की निकाल आला की फोन करीन. मावशी म्हणतात, "तुमच्याआधी पण एकांनी बाटल्या नेल्या होत्या." मुलगी त्यांचा नंबर दोनदा लिहून घेते.

दुपारी बाराच्या सुमाराला नानांची मोटार हवा खाते, बंद होते, आणि खरा अभ्यास सुरू होतो. माणची मुलगी लिंबाच्या सावलीत बसून दर दहा मिनिटांनी टेप सोडते. उन्हात कठडा हात ठेववत नाही इतका तापलाय. पहिल्या तासात पाणी वीस सेंटिमीटर चढतं. वीस सेंटिमीटर गुणिले पन्नास चौरस मीटर: दहा हजार लिटर, तासाला एक टँकर. जसजसं पाणी वर येईल तसतसा वेग कमी होईल. झऱ्यांची ताकद एवढीच आहे. विहीर कितीही खोल नेली, तरी ह्या कपारीतून तासाला जेवढं येतं त्यावरच बाग ठरणार.

नाना तिच्याशेजारी बसलेत. त्यांनी तिला ताक आणून दिलंय. "आणखी दोन परस खाली गेलो तर लागंल का गं पाणी?"

ती लगेच उत्तर देत नाही. "खाली सगळा काळा पाषाण दिसतोय, नाना. चीर लागली तर लागेल, नाही तर विहीर नुसती मोठी टाकी होईल. तुमच्या शेजारच्यांनी खोदली तेव्हा काय लागलं?"

"पाषाणच. सुरुंगाचा खर्च अंगावर आला."

"मग मी लागेल म्हणून कसं सांगू?"

तिच्या गावाला ती शाळेत असताना टँकर यायचा, हे तिनं मला जीपमध्ये सांगितलं होतं. नानांना ते ती सांगत नाही. पुन्हा टेप सोडते.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात सतरंजीवर मोठा कागद पसरलाय. लेव्हलवाल्यांचा फेरा बंद झालाय: सुरुवात शंभर मीटर, शेवट त्याच पायरीवर एकोणीस मिलिमीटरच्या फरकानं. एवढ्या अंतराला छत्तीस मिलिमीटरपर्यंतची चूक चालते, त्यामुळं नंदुरबारच्या मुलाच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण उतरलाय. आता प्रत्येक विहिरीच्या जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करायची. नानांची विहीर: १०३.४२ वजा १०.८०, बरोबर ९२.६२. आकडे कागदावर चढतात, आणि माणची मुलगी शिसपेन्सिलनं समान पातळीच्या रेषा ओढायला लागते. संगणक हे मिनिटात करतो. तिला ते येतं, घरी गेल्यावर करणारच आहे. पण इथं बसलेल्या माणसांना रेष उमटताना दिसली पाहिजे, असं मॅडमचं म्हणणं आहे, आणि गर्दी बघून मला ते पटतं. दहा-पंधरा माणसं कागदाभोवती वाकलीत. कुणी म्हणतं, ओढा जरा डावीकडं घ्या. कुणी पाझर तलावाची जागा दाखवतं. तिथल्या खडीपैकी काही आपण फोडली, असं नाना पुन्हा सांगतात.

एक हेक्टर शिवारात पाण्याची पातळी मीटरभर उतरली म्हणजे किती पाणी गेलं, असं मॅडम विचारतात. लोक एक कोटी लिटर म्हणतात. दहा हजार चौरस मीटर गुणिले एक, हिशेब चोख. मग त्या सांगतात की आपल्याकडं खाली खडकच आहे, त्यात पाण्याला जागा शंभरात दोन भाग. म्हणजे दोन लाख लिटर, वीस टँकर. मंडपात क्षणभर सगळे गप्प होतात, आणि मग एकदम सगळे बोलायला लागतात.

रेषा पुढं सरकतात आणि नकाशात एक गोष्ट दिसायला लागते, जिची मुलांनी अपेक्षा केलेली नव्हती. पाणी डोंगराकडून ओढ्याकडं उतरायला हवं. वरच्या अर्ध्या भागात तसंच आहे. पण नानांच्या विहिरीच्या खालच्या बाजूला रेषा ओढ्याकडं न जाता वळतात आणि एका मळ्याभोवती गोल बंद होतात. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी ९०.७५वर, त्या मळ्यातल्या विहिरीचं ८८.९०वर. जमिनीखाली तिथं खळगा पडलाय, आणि चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतंय. त्या मळ्यात सात बोअर आहेत.

मळ्याचा मालक तिथंच खांबाला टेकून उभा आहे, तिशीचा, खिशात दोन फोन. "माझी बोअर चारशे फुटाची हायेत," तो म्हणतो. "नानांची हीर पंचेचाळीस. त्यांच्या पाण्याशी माझा काय संबंध? मी खालचं पाणी घेतोय."

मंडपातला सूर बदलतो. दोघं-तिघं एकदम काहीतरी बोलतात. कायद्याचा विषय निघतो. २००९च्या भूजल अधिनियमात साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलंय, हे एका मुलाला पाठ आहे, तो तोंड उघडतो आणि मॅडम त्याला डोळ्यांनीच थांबवतात. माणची मुलगी पेन्सिल खाली ठेवते.

"दादा, केसिंग किती फूट आहे?"

"वीस. मुरूम संपेपर्यंत."

"त्याच्या खाली उघडा खडक?"

"हो, सगळ्यांचं तसंच असतंय."

"रात्री मोटार बंद असताना बोअरच्या तोंडाला कान लावलाय कधी? आत पाणी पडल्याचा आवाज येतो का?"

तो मुलगा तिच्याकडं बघतो, मग कागदाकडं. मंडपात पंख्याचा आवाज तेवढा येतोय.

"येतो," तो म्हणतो. "चांगला मोठा येतो. मला वाटायचं खालचा झरा हाय."

"खालच्या झऱ्याचं पाणी बोअरमध्ये खालून भरत येईल. पडल्याचा आवाज येतो म्हणजे वरून कुठून तरी पडतंय. मांजऱ्याच्या थरातलं असणार." ती नानांच्या विहिरीतल्या कपारीची खोली कागदावर दाखवते. "किती फुटांवरून पडतंय ते कळलं तर सांगता येईल. बोअर पाडताना गाडीवाल्यानं फुटाफुटाला काय लागलं ते लिहून दिलं होतं का?"

"चिठ्ठी हाय घरी. तांबडी माती कुठं लागली, वलं कुठं लागलं, सगळं लिवलंय त्यात."

"त्या थराच्या खालपर्यंत केसिंग घातलं तर?" मागून कुणीतरी विचारतं.

"तर वरचं पाणी वर राहील," मॅडम म्हणतात, "आणि दादांच्या बोअरला किती उरतं तेही कळेल. ते कमी भरेल, हे आत्ताच सांगते. त्याचा विचार गावानं मिळून करायला लागेल, एकट्या दादांनी नाही."

नाना इतका वेळ काही बोललेले नाहीत. आता ते त्या मुलाकडं वळतात. "तुझ्या आज्यानं आणि मी एकाच मोटंवर पाणी काढलंय. जा, चिठ्ठी आण."

मुलगा चपला घालतो. "सातीचीच आणतो," म्हणतो, आणि गाडीला किक मारतो. तो येईस्तोवर मुलगी कागदाच्या कोपऱ्यात सात आडव्या ओळी आखून ठेवते.